मूल भाषा कशी समजतं, व्याकरण कसं शिकतं: ठाणे-नवी मुंबईच्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

मी स्पीच थेरपिस्ट आहे. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतचे आईबाबा मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र लिहिले आहेत. बहुतेकांची सुरुवात 'बोलत नाही' किंवा 'चुकीचं बोलतो' इथून होते. मूल काय बोलतं ते सगळ्या घराला ऐकू येतं, पण त्याला काय समजतं हे मुद्दाम बसून बघावं लागतं. म्हणून पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी तुम्हाला आधी समज बघायला सांगणार आहे.

बाळाला भाषा कळायला नेमकी कधी लागते?

जन्माच्या आधीच त्याची सुरुवात होते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईचा आवाज बाळापर्यंत पोचत असतो. त्यातले शब्द नाही, पण बोलण्याची लय आणि चढउतार पोचतात. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं की नवजात बाळं चोखण्याची लय बदलून परक्या बाईऐवजी स्वतःच्या आईचा आवाज ऐकणं पसंत करतात.

त्यानंतरचं एक संशोधन आपल्याला फार जवळचं आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. वर्षाच्या आसपासच्या बाळांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता, कारण घरात तो फरक कधी कानावर पडलाच नव्हता. हा अभ्यास १९८४ सालचा. म्हणजे पहिल्या वर्षात बाळ नुसतं ऐकत पडलेलं नसतं, आपल्या घरात कोणते आवाज वेगळे धरायचे आणि कोणते एकच मानायचे हे ते ठरवत असतं.

आठ महिन्यांची बाळं सलग बोलण्यातून शब्द कुठे सुटतो हेही टिपू शकतात. कोणते आवाज वारंवार एकमेकांपाठोपाठ येतात यावरून ती हे ओळखतात (जेनी सॅफ्रन आणि सहकारी, १९९६). आणि 'केळं', 'नाक', 'हात' अशा रोजच्या वस्तूंची व अवयवांची नावं सहा ते नऊ महिन्यांत थोडीफार कळू लागतात, हे २०१२ मध्ये एलिका बर्गलसन आणि डॅनियल स्विंगली यांच्या प्रयोगात दिसलं. त्या वेळी तोंडातून एक शब्दही आलेला नसतो.

दीड वर्षाचा आहे. त्याला सगळं समजतं, फक्त बोलत नाही. वाट बघू का?

आधी 'सगळं समजतं' हे तपासून बघू या.

तुम्ही 'चप्पल घाल, बाहेर जायचंय' म्हणता तेव्हा तुमच्या हातात किल्ली असते, पाय दाराकडे वळलेले असतात आणि नजर चपलांवर असते. मूल एकही शब्द न कळता चप्पल आणू शकतं. ही त्याची हुशारीच आहे, पण त्याला कळली ती परिस्थिती. भाषा किती कळली हे त्यावरून सांगता येत नाही.

म्हणून असं करा. जमिनीवर मुलासमोर बसा, हात मांडीवर ठेवा, वस्तूकडे अजिबात बघू नका. फक्त त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणा, 'चमचा दे.' समोर चमचा, वाटी, बॉल आणि बूट असू दे. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला म्हणा, 'चमचा बुटात ठेव.' रोजच्या आयुष्यात कोणी चमचा बुटात ठेवत नाही, त्यामुळे अंदाजाने जमणार नाही. 'चमचा', 'बूट' आणि '-त' हे तिन्ही कळले तरच मूल ते करेल. काही मुलं चमचा वाटीत टाकतात, कारण चमच्याची जागा त्यांना तीच माहीत असते. काही मुलं थबकतात, तुमच्याकडे बघतात आणि मग हसत बुटात टाकतात. त्या थबकण्यात मला खूप काही कळतं.

समज वयाप्रमाणे असेल, मूल बोट दाखवत असेल, खुणा करत असेल, तुमच्या डोळ्यांत बघून काहीतरी सांगू पाहत असेल, तर उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात. समजही मागे असेल तर वाट बघण्यात वेळ घालवू नका. दोन्ही बाबतींत एकदा कान तपासून घ्या, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

समज आणि बोलणं यांतलं अंतर सगळ्याच मुलांत असतं. हेलन बेनेडिक्ट यांनी १९७९ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची नोंद ठेवली. ती मुलं सुमारे १३ महिन्यांची असताना ५० शब्द समजत होती, पण ५० शब्द बोलायला त्यांना आणखी पाचेक महिने लागले.

कोणत्या वयात साधारण काय यायला हवं?

वर्षाच्या सुमाराला नावाला प्रतिसाद, 'नको' किंवा 'टाटा'सारख्या गोष्टी कळणं आणि एखाद-दोन अर्थपूर्ण शब्द. दीड वर्षाला हाताची खूण न करता सांगितलेलं सोपं काम कळतं, नाक-कान-डोळे दाखवता येतात, मोजके शब्द येतात. दोन वर्षांला पन्नासच्या आसपास शब्द आणि दोन शब्दांच्या जोड्या: 'बाबा गेला', 'अजून दूध', 'आजी नको'. तीन वर्षांला तीन-चार शब्दांची वाक्यं, 'का?' आणि 'कुठे?', आणि घराबाहेरच्या माणसालाही बरंचसं कळेल इतपत उच्चार. पाच वर्षांला रोजच्या बोलण्यातलं बहुतेक व्याकरण बसलेलं असतं.

हे सरासरीचे टप्पे आहेत. शेजारच्या मुलाशी तुलना करून झोप घालवू नका, आणि 'आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात' म्हणून दुर्लक्षही करू नका.

बाळाशी बोबडं बोलायचं की शुद्ध बोलायचं?

'मम्मं', 'भुर्र', 'जोजो', 'चिऊ', 'हम्मा' हे खुशाल बोला. जरा वरच्या पट्टीत, हळू, लांबवत आणि तेच तेच परत बोललेलं बाळ जास्त लक्ष देऊन ऐकतं. फक्त वाक्य तोडू नका. 'हम्मा आली बघ, केवढी मोठी हम्मा!' हे पूर्ण मराठी वाक्य आहे आणि त्यातून 'आली', 'मोठी' यांचं स्त्रीलिंगही कानावर पडतं. मुलाच्या चुकीच्या उच्चाराची नक्कल मात्र करू नये.

अडीच वर्षांची मुलगी आधी 'आला', 'केलं' व्यवस्थित म्हणायची. आता 'बाबा येला', 'मी करलं' म्हणते. मागे जातेय का?

नाही, ती पुढे गेली आहे. हा प्रश्न मला मनापासून आवडतो.

आधीचं 'आला' तिने आख्खं ऐकून आख्खं साठवलं होतं. त्याचा 'येणे'शी काही संबंध आहे हे तिला माहीत नव्हतं. मग तिने पड-पडला, बस-बसला, हस-हसला, पळ-पळाला असे शेकडो नमुने ऐकले आणि त्यांतून स्वतःच्या मनाने नियम काढला: होऊन गेलेली गोष्ट सांगायची तर 'ल' लागतो. तो नियम तिने 'येणे' आणि 'करणे' यांनाही लावला. 'येला' आणि 'करलं' तिने कोणाकडूनही ऐकलेलं नाही, कारण तसं कोणी बोलतच नाही. म्हणजे ती नक्कल करत नाही, नियम वापरते आहे. पुढे 'आला', 'केलं', 'गेला', 'दिलं' हे अपवाद पुन्हा पुन्हा ऐकून ते आपल्या जागी परत येतात.

मूल नियम शिकतं हे सिद्ध करणारा गाजलेला प्रयोग जीन बर्को यांनी १९५८ मध्ये केला. त्यांनी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला एक बनावट नाव दिलं आणि मुलांना त्याचं अनेकवचन विचारलं. शब्द बनावट असल्याने पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता, तरी मुलांनी बरोबर प्रत्यय लावला. हाच खेळ घरी मराठीत करून बघा. एखादं वेडंवाकडं चित्र काढा आणि म्हणा, 'हा भोटा. भोटा रोज टिमकतो. कालपण त्याने तेच केलं. सांग, काल भोटा...' चार वर्षांची मुलं बहुधा 'टिमकला' म्हणून वाक्य पुरं करतात. मग विचारा, 'आपण पाणी कोणाला देऊ या?' कोणी 'भोटाला' म्हणेल, कोणी 'भोट्याला'. ज्या दिवशी 'भोट्याला' आलं, त्या दिवशी सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप) नावाची गोष्ट मुलाच्या डोक्यात बसली, शाळेत तिचं नाव ऐकण्याच्या कितीतरी वर्षं आधी. तोच मुलगा 'काकाला', 'मामाला', 'दादाला' मात्र न बदलता म्हणतो. नात्याचे हे शब्द वेगळे चालतात हे त्याला कोणीही समजावलेलं नसतं.

मग चूक सुधारायची की नाही?

'नाही, येला नाही, आला म्हण. म्हण, आला' असं करू नका. मुलीला बाबा आल्याचा आनंद सांगायचा आहे आणि तुम्ही तिची तोंडी परीक्षा घेताय. त्याऐवजी तिचंच वाक्य बरोबर करून पुढे न्या: 'हो, बाबा आला! बघ, पिशवी घेऊन आला.' बरोबर रूप दोनदा कानावर पडलं आणि गप्पाही तुटल्या नाहीत.

तसेही आईबाप व्याकरणापेक्षा खरंखोटं जास्त सुधारतात. रॉजर ब्राऊन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० मध्ये मुलांच्या आणि आयांच्या संवादांत हेच पाहिलं. मूल 'मांजर झोपला' म्हणालं आणि मांजर खरंच झोपलेलं असेल, तर आपण 'हो रे' म्हणतो. ते जागं असेल तरच 'नाही' म्हणतो. तरीही व्याकरण सुधारत जातं.

मुलगा 'मी जाते', 'मी करते' म्हणतो. नातेवाईक हसतात.

हसू नका, हसू देऊ नका. तुमचा मुलगा दिवसभर कोणासोबत असतो? आई, आजी, पाळणाघरातल्या ताई. या सगळ्या 'मी येते', 'मी देते' म्हणतात. 'मी' आला की 'ते' येतं हे त्याने ऐकलं आणि चोख पाळलं. मराठीत बोलणारा पुरुष आहे की बाई हे क्रियापदातच दिसतं, आणि 'मी' म्हणणारा पुरुष त्याला दिवसातून तासभरही ऐकायला मिळत नसेल. कारण बाबा सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला परततात. बाबा, आजोबा, काका यांच्याशी खेळ आणि बोलणं वाढलं की हे सुटतं. बाबांनी आंघोळ घालताना नुसतं 'आता मी पाणी घेतो, मी साबण लावतो' म्हणत राहिलं तरी पुष्कळ.

लहान वयात काही मुलं 'मला पाहिजे'ऐवजी 'तुला पाहिजे' म्हणतात, कारण आपण त्यांना 'तुला पाहिजे का?' विचारतो. तिसऱ्या वर्षापर्यंत हे साधारण जातं.

व्याकरण 'समजतं' म्हणजे काय? शब्द कळले की वाक्य कळलंच ना?

तसं नसतं. 'कुत्रा', 'मांजर', 'चाटणे' हे तिन्ही शब्द ज्याला येतात, त्यालाही 'कुत्र्याला मांजराने चाटलं' हे वाक्य उलटं कळू शकतं. दोन खेळणी हातात देऊन 'करून दाखव' म्हटलं, तर काही मुलं आधी ऐकू आलेल्या कुत्र्यालाच चाटायला लावतात. 'ने' आणि 'ला' कडे त्यांचं लक्ष अजून गेलेलं नसतं.

कोणत्या खुणेवर विसंबायचं हे मूल आपल्या भाषेवरून ठरवतं. डॅन स्लोबिन आणि थॉमस बेव्हर यांनी १९८२ मध्ये इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की शिकणाऱ्या मुलांची तुलना केली. इंग्रजी मुलं शब्दांच्या क्रमावर चालत होती. तुर्कीत कर्म दाखवणारा प्रत्यय स्पष्ट आणि भरवशाचा असल्याने तुर्की मुलं अगदी दोन वर्षांच्या आसपास प्रत्ययावर चालत होती, शब्द कुठेही असोत.

मराठीत प्रत्यय ठळक आहेत, पण गुंताही आहे. 'मी पोळी खाते' म्हणताना क्रियापद मुलीकडे बघतं. 'मी पोळी खाल्ली' म्हणताना ते पोळीकडे वळतं, आणि 'मी आंबा खाल्ला', 'मी केळं खाल्लं' असं दर घासाला बदलतं. खाणारी मात्र तीच. शिवाय लिंगं तीन. त्यामुळे 'मी पोळी खाल्लो' किंवा 'माझा घर' तीन-चार वर्षांच्या मुलाच्या तोंडी आलं तर घाबरू नका. हिंदी भरपूर कानावर पडणाऱ्या मुलांत नपुंसकलिंग पक्कं व्हायला जरा जास्त वेळ लागताना मला दिसतो. हिंदीत ते नाहीच, तेव्हा यात नवल नाही.

घरी मराठी, सोसायटीत हिंदी, शाळेत इंग्रजी. मुलाचा गोंधळ होत नाही का?

नेरूळ-वाशीकडच्या एकाच मजल्यावर मराठी, मल्याळम, गुजराती आणि पंजाबी घरं असतात. खाली गार्डनमध्ये सगळी पोरं हिंदीत भांडतात, लोकलमध्ये स्टेशनांची नावं तीन भाषांत पुकारली जातात. इथल्या मुलाला एकापेक्षा जास्त भाषा ऐकू येणं हीच साधी परिस्थिती आहे. दोन किंवा तीन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. ज्याला खरंच अडचण आहे, त्याची अडचण सगळ्या भाषांत दिसते.

शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजा. 'पाणी', 'बॉल', 'गिरा', 'नको', 'बाय' हे पाच शब्द झाले. फक्त मराठी मोजलंत तर मूल विनाकारण मागे दिसेल. 'मम्मी, बॉल गिर गया, तू काढ ना' यात गोंधळ नाही. जो शब्द पटकन हाताशी आला तो मुलाने घेतला. आपण 'फोन चार्जिंगला लाव' म्हणतो, तसंच ते.

आता ज्या गोष्टीचं मला खरंच वाईट वाटतं ती. नर्सरीत प्रवेश झाला की काही आईबाबांना सांगितलं जातं, 'घरीसुद्धा इंग्रजीतच बोला.' ते प्रामाणिकपणे प्रयत्न करतात. मी त्या घरातलं बोलणं ऐकते तेव्हा उरलेलं असतं 'कम', 'सिट', 'ईट फास्ट', 'डोन्ट टच'. ज्या आईला मराठीत 'अगं, काल आपण तलावपाळीला गेलो होतो ना, तिथे बदक पाण्यात डोकं घालून काय शोधत होतं गं?' असं सहज विचारता येतं, तिच्याकडे इंग्रजीत फक्त हुकूम उरतात. मुलाला 'काल', 'गेलो होतो', 'शोधत होतं' हे सगळं ऐकायला मिळायचं बंद होतं. व्याकरण त्याच लांब, गुंतलेल्या वाक्यांतून शिकलं जातं. तुम्हाला ज्या भाषेत रागावता, गोष्ट सांगता आणि चिडवता येतं, तीच घरात बोला. इंग्रजी शाळेत येईल, आणि घरची भाषा भक्कम असेल तर जास्त चांगली येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे.

आम्ही आगरी. मुलगा 'पानी', 'डोला' म्हणतो. शाळेत सांगितलं, उच्चारदोष आहे, थेरपी करा.

घरात, गावठाणात सगळे जसं बोलतात तसंच मूल बोलत असेल तर तो उच्चारदोष नाही. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, बेलापूर ही शहर यायच्या कितीतरी आधीपासूनची आगरी-कोळ्यांची गावं. तिथल्या बोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'ल' येतो. हा त्या बोलीचा नियम आहे. मुलाने तो बरोबर उचलला, म्हणजे त्याचे कान आणि व्याकरण दोन्ही शाबूत आहेत.

शाळेची मराठी तो दुसरी बोली म्हणून शिकेल, त्याला वेळ द्या. त्याच्या आजीचं बोलणं चुकीचं ठरवून शिकवलं तर मूल वर्गात गप्प बसतं, आणि मग खरोखर नुकसान होतं. मी तपासताना घरच्या माणसाला सोबत बसवते आणि विचारते, 'तुमच्याकडे असंच म्हणतात का?' प्रत्येक थेरपिस्टने हे विचारायला हवं.

'र' म्हणता येत नाही. 'लिक्षा', 'टेशन' म्हणतो.

हा उच्चाराचा भाग आहे, व्याकरणाचा नाही. 'र', 'ळ' आणि जोडाक्षरं उशिरा बसतात. तीन वर्षांच्या मुलाचं 'लिक्षा' ठीक आहे. पाच-सहा वर्षांनंतरही राहिलं तर दाखवा.

जिभेखालचा दोर, वेखंड, मध यांचं काय?

जिभेखालचा दोर घट्ट असेल तर दूध ओढायला किंवा काही आवाजांना त्रास होऊ शकतो. पण त्याने शब्द कळणं किंवा वाक्य जुळवणं अडत नाही. 'दोर कापला की बोलेल' ही आशा धरून महिने घालवू नका. वेखंड चाटवून भाषा येत नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका. त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

मुलाला एबीसीडी, रंग, वीस कविता पाठ आहेत. पण 'तुझं नाव काय?' विचारलं की 'तुझं नाव काय' असंच परत म्हणतो.

हा प्रश्न मी कधीच पुढे ढकलत नाही. इथे बोलणं भरपूर आहे आणि समज कमी, आणि पाठांतराच्या कौतुकात घराचं तिकडे लक्ष जात नाही. दीड-दोन वर्षांचं मूल थोडंफार जसंच्या तसं परत म्हणतं, त्यात काही वावगं नाही. पण तीन वर्षांच्या आसपास उत्तराऐवजी प्रश्नच परत येत असेल, बोट दाखवून 'ते बघ' म्हणणं नसेल, हाक मारल्यावर वळून बघणं कमी असेल, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट दोघांनाही दाखवा. स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणी लवकर झाली तर मदत लवकर सुरू होते. तोवर फ्लॅशकार्ड बाजूला ठेवा.

मोबाईलवरच्या शैक्षणिक व्हिडिओंमधून भाषा शिकत नाही का?

लहान बाळं फारशी शिकत नाहीत. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा सत्रांत चिनी मँडरीन ऐकवली. काहींसमोर खरी बाई बसून खेळत-बोलत होती, काहींना तीच बाई व्हिडिओवर दिसत होती, काहींना फक्त आवाज ऐकू येत होता. चिनी आवाजांतला फरक फक्त पहिल्या गटातली बाळं शिकली.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही मोठ्यांच्या सोबतीने. गावच्या आजीशी व्हिडिओ कॉल मात्र चालेल. आजी उत्तर देते, नाव घेऊन हाक मारते, थांबते. व्हिडिओ हे करत नाही. जेवताना मोबाईल लावलेला असतो तेव्हा घास तर जातात, पण दिवसातले सगळ्यांत चांगले बोलण्याचे क्षण हातचे जातात.

तीन वर्षांचा आहे, 'म-म-मला' असं अडखळतो.

दोन ते पाच वर्षांत वाक्यं लांब होत असताना असं होऊ शकतं, आणि बऱ्याच मुलांचं थांबतं. 'हळू बोल, नीट बोल' म्हणू नका, पूर्ण ऐकून घ्या. सहा महिन्यांवर टिकलं, चेहरा ताणला जात असेल, घरात कोणाला तोतरेपणा असेल किंवा मूल बोलणं टाळू लागलं, तर या.

पहिलीत गेल्यावर भाषा 'पूर्ण' होते का?

नाही, फक्त बाहेरून दिसेनाशी होते. कॅरोल चॉम्स्की यांनी १९६९ मध्ये दाखवलं की पाच ते दहा वर्षांच्या मुलांनाही काही वाक्यरचना चुकीच्या कळतात. 'जेवायच्या आधी हात धू' हे रोजचं असल्याने कळतं. पण 'खिडकी लावायच्या आधी दिवा लाव' म्हटलं की चार वर्षांचं मूल ऐकल्या क्रमाने आधी खिडकी लावू शकतं. 'जो मुलगा मागे बसलाय त्याने पुढे यावं', 'पाऊस आला नसता तर', 'तिला वाटलं की त्याला माहीत नाही' ही वाक्यं शाळेच्या वर्षांत हळूहळू पक्की होतात. 'नाक मुरडणे', 'पोटात कावळे ओरडणे' यांचा खरा अर्थ सात-आठ वर्षांनंतर नीट कळू लागतो.

तिसरी-चौथीत 'वाचतो, पण उत्तर लिहिता येत नाही' अशी तक्रार येते. तेव्हा मी आधी धडा वाचून दाखवून तोंडी प्रश्न विचारते. ऐकूनही कळत नसेल तर अडचण वाचण्याची नाही, वाक्य समजण्याची आहे. अशा मुलांना आणखी लिहायला बसवून उपयोग नाही. त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, मोठ्या इयत्तेतही. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारखी १८९३ पासूनची संस्था आपल्या गावात आहे, पुस्तकं तिथून आणता येतात.

नक्की कधी दाखवायचं, आणि कुठे?

वर्षाचं झाल्यावरही नावाला वळत नाही किंवा बोट दाखवणं-टाटा करणं नाही. दीड वर्षाला एकही शब्द नाही. दोन वर्षांला दोन शब्दांची जोडी नाही. तीन वर्षांला घरच्यांनाही बोलणं कळत नाही. यातलं काहीही असेल तर या. आणि आलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर त्याच आठवड्यात.

पहिली पायरी कान. जन्माच्या वेळी ओएई (नवजात बाळाच्या ऐकण्याची) चाचणी पास झालेल्या मुलालाही नंतर त्रास होऊ शकतो. पावसाळ्यात सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. अशा मुलाला 'ला', 'ने', 'त' हे बारके प्रत्यय ऐकूच येत नाहीत. 'दार वाजलं की बघतो' यावरून ऐकू नीट येतं असं ठरवू नका. गरज पडली तर डॉक्टर बेरा टेस्ट (आवाज कानातून मेंदूपर्यंत नीट पोचतो का हे बघणारी चाचणी) सांगतील.

सरकारी सोयी आहेत, त्या वापरा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि त्यात श्रवणदोष व भाषेतला विलंबही येतो. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. वाशीला नवी मुंबई महानगरपालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. बौद्धिक दिव्यांगतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे.

आम्ही दोघंही नोकरीला. रात्री आठ-साडेआठला घरी पोचतो. रोज नेमकं काय करायचं?

वेगळा अभ्यास नको. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून वीस मिनिटं द्या, कामातच बोला. मटार सोलत असाल तर मुलाला सोबत बसवा: 'ही शेंग उघडली. आत किती दाणे आहेत? एक दाणा खाली पडला. कुठे गेला? वाटीच्या मागे गेला.' एवढ्यात भूतकाळ, षष्ठी, 'आत', 'मागे' आणि दोन खरे प्रश्न होऊन गेले. मूल 'पडला' एवढंच म्हणालं, तर तुम्ही 'हो, दाणा पडला' म्हणा, म्हणजे त्याच्यापेक्षा एक-दोन शब्द जास्त.

'हे काय? ते काय? रंग कोणता?' हे कमी करा. २०१८ मध्ये रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. मुलांच्या भाषेच्या कौशल्याशी आणि मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी नातं दिसलं ते संवादाच्या फेऱ्यांचं: मूल बोललं, मोठं माणूस बोललं, परत मूल बोललं. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले, याने तितका फरक पडला नाही.

दिवसभर मुलाला सांभाळणाऱ्या आजीला किंवा ताईंनाही हे सांगा, कारण जास्त वेळ त्यांच्याकडे असतो. आणि प्रश्न विचारलात की मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. मोठ्या माणसाला ती शांतता अवघड वाटते आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. दोन वर्षांच्या मुलाला ऐकलेलं समजून, शब्द शोधून, त्याला प्रत्यय लावून बोलायला तेवढा वेळ लागतो.